आमच्या फटफटीच्या क्लचविषयी, मामांस

ती. स्व. अंकुशमामा यांस,
भाची दीपमाला हिचा निंबर्ग्याहून साष्टांग नमस्कार.

वडीलधाऱ्यांना आपणहून पत्र लिहिण्याचा आगाऊपणा मी करत आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. फोनवर आपला आवाज ऐकला की मला "हो मामा" याखेरीज काही सुचत नाही (मागील वेळी मी ते अकरा वेळा म्हणाले, असे आई सांगते). मामींच्या गुडघ्यांना आता उतार असावा. नव्या कारची प्रकृतीही उत्तम असेलच.

कारसाठी आणलेल्या उंची तेलातला उरलेला डबा आपण बीदरहून आमच्या सत्तावीस वर्षांच्या फटफटीसाठी आठवणीने पाठवलात. इतका जीव कोण लावतो? अप्पांनी त्याच सायंकाळी जुने तेल काढून ते ओतले. त्यानंतर आठवडाभरात गाडीचे वर्तन पालटले. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन गर्जना करी, गाडी मात्र ओढ्यापलीकडच्या चढावर नव्या सुनेसारखी जागीच संकोचून उभी राही. (शेजारच्या चन्नव्वा डोईवर घागर घेऊन मला ओलांडून गेल्या आणि वरून विचारत्या झाल्या, "कामून थांबलीस गं? गाडी दम खायलीय का?")

तेव्हा आपण फोनवर अप्पांना म्हणालात, "दाजी, इंजिन संपलं. इकून टाका." आमच्या घरात आपल्या शब्दापुढे कुणी जात नाही. अप्पांनी लागलीच गिऱ्हाईक ठरवले, ते रविवारी सकाळी दहाला येणार आहे. गाडी गेली तर आळंदला वेळेत पोहोचून गुलबर्ग्याची बस गाठणे मला शक्य नाही, आणि मग कॉलेज सोडून बी. ए. घरी बसून बाहेरून द्यावे, असे अप्पांचे मत आहे.

म्हणून मी गाडीची माहितीपुस्तिका वाचली. क्लचच्या लिव्हरला थोडी मोकळीक हवी, असे तीत होते. कंपासपेटीतल्या पट्टीने मोजली, ती बरोबर भरली. पुन्हा मोजली (गणिताच्या पेपरातही मी असेच करते). अखेर गाडी ढकलत तिप्पण्णांच्या गॅरेजात नेली. त्या माणसाचे किती कौतुक करावे! मी आकडे सांगू लागले, तोवर त्यांनी इंजिनातले तेल दोन बोटांत चोळून, हुंगूनही पाहिले होते.

"अक्का, ह्यात कारचं तेल कुणी वतलं?"

मी माहितीपुस्तिकेची पाने चाळू लागले. (आपले नाव गॅरेजात घेणे प्रशस्त वाटले नाही.)

"तेल लई भारी हाय बगा. पन मोटारसायकलीचं क्लच तेलात बुडून आसतंय, कारचं न्हाई. आसल्या निसरड्या तेलात प्लेटी येकमेकीला धरतील कशा?"

मग त्यांनी झाकण उघडून प्लेटी काढल्या. त्या झिजलेल्या नव्हत्या. भांडी घासावीत तशा मन लावून धुतल्या, पुसल्या, बसवल्या आणि योग्य ते तेल भरले. परतताना तोच चढ गाडी न कुरकुरता चढली. मी वर पोहोचून उगीचच पुन्हा खाली गेले आणि पुन्हा चढले.

घरी मात्र निराळेच झाले. अप्पा म्हणाले, "अंकुशराव संपलं म्हनले म्हंजे संपलं. आज चाललीय, उद्या बसंल." आईला खरे कारण सांगितले, तर ती कडाडली, "माझ्या दादानं पाठिवलेल्या तेलाला नाव ठिवायलीस व्हय? पुन्ना तोंडातून काढू नको!" तेव्हापासून मी ते तोंडातून काढलेले नाही, फक्त कागदावर काढले आहे.

यात आपला दोष मुळीच नाही. मायेने दिलेली वस्तू देताना तिची पुस्तिका कोण वाचतो? आपल्याविषयीचा आदर तसूभरही कमी झालेला नाही, हे कृपया ध्यानी घ्यावे.

आपली आज्ञाधारक भाची,
दीपमाला

ता. क. रविवारी दहाच्या आत अप्पांना एक फोन करावा. इंजिन शाबूत आहे आणि दोष तेलाचा होता, हे आपणच पुष्कळ विचार करून शोधून काढलेत, असे खुशाल सांगावे. मी जन्मभर दुजोरा देईन.

आणखी ता. क. लिफाफा जाड लागला असेल. आत गाडीचे आर. सी. बुक आहे. त्याविना विक्री होत नाही, म्हणून अप्पांच्या कपाटातून मी ते न विचारता घेतले. ("आज्ञाधारक" हा शब्द तोवर लिहून झाला होता, आणि मला खाडाखोड आवडत नाही.) फोन केल्याखेरीज ते परत पाठवू नये, ही नम्र विनंती.

आळंद पोस्टातून स्पीड पोस्टाने रवाना, गुरुवार, दि. १२ जून २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.