सासरेबुवांची कवळी आणि साठ फोटो

थोरल्या साडूभाऊंना धाकट्याचा वाकून नमस्कार,

तुमची कंबर आता वाकते का, आणि वाकली तर परत सरळ होते का, ते आधी कळवावे. इकडे सगळे ठीक. तुमचा कॅमेराही ठीक (म्हणजे अजून पडलेला नाही).

आम्हा कवळ्या करणाऱ्यांच्या वार्षिक अंकासाठी मला एक फोटो हवा होता, म्हणून तुमचा कॅमेरा मागून आणला, हे तुम्ही जाणताच. माझ्या हातची सगळ्यांत देखणी कवळी आपल्या सासरेबुवांच्या तोंडात. ती त्यांनी 'अर्ध्या तासापुरती' काढून दिली आणि शेजारच्या खोलीत जेवणाची वाट पाहत बसले. आता जवळून फोटो काढला की पुढचे दोन दात लख्ख आणि दाढा धुक्यात. त्यावरचा उपाय तुम्ही फोनवर सांगितला होता, फोकस स्टॅकिंग: कॅमेरा दर फोटोला फोकस जरासा मागे सरकवतो आणि शेवटी सगळ्यांतले स्पष्ट भाग जोडून एकच फोटो करतो. मी 'हो हो' म्हणालो होतो. (मला काहीएक कळले नव्हते.)

सेटिंगमध्ये दोन आकडे निघाले: फोटो किती आणि फोकसची पायरी केवढी. पायरी मोठी तर काम लवकर, असे समजून मी दहा घातली. फोटोत एक दात स्पष्ट, पुढचा गायब, मग पुन्हा एक स्पष्ट! कवळीने कुणाचा तरी ठोसा खाल्ल्यासारखे दिसत होते. मग पायरी एक केली, फोटो वीस. वीसच्या वीस एकाच दाताच्या टोकाचे. तोवर बाहेरून हाक, "जावईबुवा, ह्यालं का?" (दातांबरोबर 'झ'सुद्धा माझ्या टेबलावर होता.) तिसऱ्या खेपेला आकडे जमत आले, तर आमची ही ताटे घेऊन धाडधाड गेली, टेबल हलले आणि फोटोत एकेका दाताचे दोन दोन दात उमटले. मी ओरडलो. ती म्हणाली, "बाबा दोन तास उपाशी आहेत, आणि तुम्ही त्यांच्या दातांचे लाड करताय!"

शेवटी सगळ्यांत पुढच्या टोकापासून सुरुवात केली, पायरी तीन, फोटो साठ, आणि श्वास रोखून उभा राहिलो. साडूभाऊ, काय फोटो आला! पहिल्या दातापासून शेवटच्या दाढेपर्यंत सगळे कोरून काढल्यासारखे. कौतुकाने मोठा करून पाहत मागे मागे गेलो, तर शेवटच्या दाढेच्या आतल्या अंगाला एक बारीक टोक वर आलेले. दोन वर्षे सासरेबुवा सांगत होते, इथे टोचते. दोन वर्षे मी सांगत होतो, सवय होईल.

टोक घासले, बोट फिरवून पाहिले, कवळी धुऊन त्यांच्या हाती दिली. जेवताना ते एकदाही थांबले नाहीत. उठताना एवढेच म्हणाले, "मला वाटायचं, माझंच तोंड वाकडं." फोटो अंकाकडे पाठवला नाही.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. कॅमेरा आणखी महिनाभर राहू द्या. जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावतो आहे.

आणखी एक ता. क. तुमची कवळी मी सासरेबुवांच्याच आठवड्यात केली होती. तुम्ही चार माणसांत कधी हसत नाही, तो मी आजवर तुमचा स्वभाव समजत आलो. रविवारी या.