तुरीत पडलेला डबा

सोमवार, संध्याकाळ. वडनेर.

सकाळी आमच्या तुरीत फाटक्या फुग्याला बांधलेला पांढरा डबा पडला होता. सासरे ओरडले, "पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोतला असंल, हात नको लावजो!" पण मी उचलला होताच. त्यावरच्या नंबरवर फोन केला, तर दुपारी एक शास्त्रज्ञ बाई आल्या. म्हणे, खूप उंच जाऊन आभाळापलीकडचे किरण मोजणारं यंत्र आहे, धोका नाही. मग डबा उचलताना त्यांनी हातमोजे कशाला घातले? मला तिसरा महिना, आणि मी उघड्या हातांनी धरलेलं. त्या हातमोज्यांवरून नजर हटेना. शेवटी विचारलंच.

"घामानं यंत्र बिघडू नये म्हणून. किरण तर रोज सगळ्यांच्या अंगातून जातात."

"माह्या बाळाच्याही?"

"हो. पण त्यानं काही होत नाही."

खोटंच बोलायचं असतं, तर त्या सरळ 'नाही' म्हणाल्या असत्या. असत्या ना?