हळद घातलेली मोटार

आई, आज रस्त्यात एका गाडीचं इंजिन उघडलेलं दिसलं आणि मी भर उन्हात बघत उभी राहिले. तू असतीस तर वाकून विचारलं असतंस, "पाणी जातं कुठून?" आपली ती घर-मोटार आठवते. इंग्रजी अमलात कुण्या साहेबानं दौऱ्यासाठी बांधून घेतलेली, म्हातारी झाल्यावर बाबांच्या देवी टोचायच्या कामाला आलेली. आत झोपायच्या फळ्या, स्टोव्ह, मागे लसीची पेटी. हिवाळाभर आपण तिच्यातच राहायचो. छताच्या फटींत तू डांबर भरायचीस, फुगलेलं दार रंध्यानं तासायचीस. गोहलपूरचा मिस्त्री म्हणायचा, "बाईजी, अब इसे छोड़ो." तू उलट त्यालाच विचारायचीस, हा नट उलटा काहून फिरतो?

एकदा कुंडम गावाच्या अलीकडे चढावर रेडिएटर गळू लागला. बाबा म्हणतात, परत फिरू. तू खाली वाकतेस, बोट लावून भेग शोधतेस आणि डब्यातली सगळी हळद पाण्यात कालवून आत ओततेस. गळती थेंबांवर येते. पुढच्या गावात देवीची साथ होती. टोचलं तर माता कोपेल म्हणून लेकरं लपवलेली. पण मोटारीखालचे पिवळे थेंब पाहून बायका हात जोडत आल्या. "माता की गाड़ी है! हल्दी चढ़ी है!" प्रत्येकीच्या कडेवर लेकरू. बाबांचा चेहरा उजळला.

एका म्हातारीनं तुला विचारलं, "सच्ची बता बाई, माता की हल्दी है?"

बाबा पुटपुटले, "गप राहा. लेकरं येऊन राहिली ना!"

"नहीं अम्मा," तू म्हणालीस. "गाड़ी चूती है, पानी टपकता है. मैंने रसोई की हल्दी डाली."

काही बायका तिथूनच माघारी वळल्या. बाबांनी तोंड फिरवलं. म्हातारी मात्र जवळ सरकली. "हल्दी से टपकना बंद होता है?" इंजिन निवल्यावर तू झाकण काढून दाखवलंस. दोघी डोक्याला डोकं लावून आत बघत राहिलात. मग तिनं नातवाला पुढे ओढलं. "पहले इसको लगाओ." तिच्यामागे आणखी आल्या, सगळ्या नाही आल्या.

आपण परतीच्या वाटेला लागलो. तू चाकाचा आवाज ऐकत होतीस. न टोचता माघारी नेलेल्या लेकरांचं काय झालं, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही का? की वाटलं, आणि कोणाला विचारायचं तेच कळलं नाही? हा कागद कुठं धाडायचा ते मलाही कळत नाही. एवढंच लिहून ठेवते: तुझ्या जागी मी असते तर गप्प राहिले असते. आजही राहीन.