तीन पाण्यांनी

३ फेब्रुवारी

तुटली नाही! पट्टी चांगली वाकली, पण तुटली नाही. नुसत्या प्लॅस्टिकची कधीच मोडली असती.

खत कारखान्यामागे पांढऱ्या गाळाची टेकडी झालीय. तो गाळ आम्लात शिजवला की सुईसारखे बारीक धागे धरतात, आणि ते प्लॅस्टिकमध्ये मिसळले की ताकद दीडपट. फक्त तीन पाण्यांनी धुवायचे, म्हणजे आम्ल आणि फ्लोराइड निघून जातं. साहेब म्हणाले, "मॅडम, ही टेकडी तुम्ही संपवणार."

१९ फेब्रुवारी

वाळवणीची शेड सुरू झाली. सुके धागे पोत्यांत भरायला सहा बायका हव्या होत्या. वहिनीचं नाव मीच दिलं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. वेण्या घालण्यापासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत सगळं वहिनीनंच पाहिलं. "घरात बसून गंज चढलाय मला," म्हणाली. खूश आहे.

११ मार्च

पाणी पुरत नाहीये. साहेबांनी विचारलं, "एका पाण्यात भागेल का?" करून पाहिलं. एकदाच धुतलेल्या धाग्यांची पट्टीही तेवढंच वजन पेलते. अहवालात लिहिलं — काही फरक नाही.

खोटं काहीच लिहिलं नाही.

१२ मार्च

आजपासून एकच पाणी. धुणं ताकदीसाठी नव्हतंच. हे लिहायला हवं होतं. पण कुणी विचारलं नाही — आणि मीही गप्प बसले.

५ एप्रिल

वहिनीचा खोकला थांबत नाही. तोंडाला ओढणी बांधते तरी घसा जळतो. सकाळी उशीवर रक्ताचा ठिपका होता. उशी तिनं उलटी करून ठेवली. मी पाहिलं, हे तिनं पाहिलं.

२१ एप्रिल

शेडमध्ये गेले. बायका पापण्यांपर्यंत पांढऱ्या. एक म्हणाली, "ताई, पावडर लावायचा आमचा खर्च वाचला!" सगळ्या हसल्या. मग सगळ्याच खोकत बसल्या.

खिडकीच्या काचा धुरकट दिसत होत्या. फडक्यानं पुसल्या, निघेना. नखानं खरवडलं. वर काही बसलेलं नव्हतं — काचच खाल्ली गेली होती. फ्लोराइडनं.

२ मे

वहिनीची फुप्फुसं निम्मी कामातून गेलीत म्हणे. डॉक्टरनं विचारलं, "काम कुठे करतात?" दादा म्हणाला, "हिनंच लावून दिलंय. चांगली जागा आहे."

९ मे

साहेबांना म्हटलं, तीन पाणी परत सुरू करा. त्यांनी माझाच अहवाल पुढे सरकवला. "फरक नाही असं तुम्हीच लिहिलंय ना?"

दुपारी दुसरा अहवाल लिहिला. धुणं कशासाठी असतं, एका पाण्यानंतर धाग्यांत काय उरतं, काचांचं काय झालं — सगळं. स्वतः जाऊन कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत दिला. कारकुनानं न वाचताच शिक्का मारला.

१७ मे

शेडला सील लागलं. माझी नोकरी गेली, ते ठीकच. संध्याकाळी शेडमधल्या बाकीच्या पाचही जणी दारात. कुणी भांडल्या नाहीत. सगळ्यात थोरली एवढंच म्हणाली, "आता आम्ही काय करायचं, तेही लिहून द्या."

पाणी विचारलं. कुणी घेतलं नाही.

२४ मे

वहिनीला दवाखान्यातून घरी आणलं. पलंगाशेजारी ऑक्सिजनची टाकी. तिला यातलं काहीच माहीत नाही. दादा म्हणतो, "आता सांगून काय करणार?" पण ती माझ्याकडे बघून हसते, ते सोसवत नाही.

२६ मे

सांगितलं. सगळं.

तिनं नाकावरची नळी बाजूला सरकवली. मग दम खात खात म्हणाली, "तुझा तो 'काही फरक नाही'वाला पहिला कागद शेडच्या दारावर डकवला होता त्यांनी. बायका घाबरायच्या. विचारायच्या, खरंच काही होत नाही ना? मी रोज सांगायचे — माझ्या पोरीनं लिहिलंय, भरा गं."