चौथ्या जागेचा आकडा

सर, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्या लॅबमधली खुर्ची आता माझ्याकडे आहे आणि ती नळीही तिथंच आहे. एका टोकाला हवा फेकणारा ब्लोअर, वरून हीटर गुंडाळलेला, अंगावर तापमान सांगणारे पाच थर्मोकपल. ब्लोअर सुरू झाला की दार लावून घ्यावं लागतं, नाहीतर शेजारच्या वर्गातून तक्रार येते. मग त्या घोंघाटात मी दिवसभर आत. खरं सांगू, कोंडल्यासारखं होतं.

तुम्ही मला कसलं झापलं होतं! हीटर लावल्यावर आकडे हलायचे थांबेपर्यंत तासभर बसायचं, मगच लिहायचं, हा तुमचा नेम. त्या दिवशी मधेच करंट गेला. ब्लोअर गप्प, आणि मी मात्र सीनियरच्या जर्नलमधून अख्खा तक्ता उतरवून तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही चष्मा कपाळावर सारता. "काय गं, करंट नव्हता ना? मग तुझी नळी कशावर तापली, माझ्या डोक्यावर?" सगळी बॅच हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर तुम्ही नल्लकुंटा भागातल्या तुमच्या घरी बोलावून पोहे खाऊ घातलेत आणि म्हणालात, "नाही मिळालं तर नाही मिळालं असं लिही. त्याचे मार्क मी देतो."

आता चौथा थर्मोकपल बंद पडलाय, दोन वर्षं झाली. मी तीनदा लिहून दिलं. दर वेळी तेच, "बघू हो, मॅडम." उद्या इन्स्पेक्शन आहे. आणि एका मुलीनं जर्नलमधे चौथ्या जागेपुढे लिहिलंय, 'रीडिंग मिळालं नाही.' आज सकाळी प्रिन्सिपॉलनी ते जर्नल माझ्यापुढे आपटलं. "हे पान बदला. नाहीतर तिचं जर्नल पास होणार नाही आणि तुमच्या नोकरीचंही बघावं लागेल." माझा मुलगा याच कॉलेजात स्टाफच्या सवलतीवर शिकतोय, सर. जाऊ कुठं?

मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "मॅडम, आपच बोले थे ना, झूठ नक्को लिखो बोलके." मी तिच्याकडे बघितलं नाही. कोरं पान पुढे सरकवलं. तिनं सगळं उतरवलं, चौथ्या रकान्यापाशी थांबली. "यहाँ क्या डालूँ, मॅडम?"

तिसऱ्या आणि पाचव्याच्या मधला आकडा मी लगेच सांगितला. दशांशासकट.

तुम्ही हयात असता तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. आज पहिल्यांदा, तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं.