माती बोटाने पाहू नये

रविवार, २ मार्च

आले एकदाची. मी, शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि कापडाची तीन गाठोडी. वरचा अख्खा मजला माझा. तीन खोल्या, मशीनपाशी भरपूर उजेड, आणि भाडं नाही. त्याबदल्यात घरमालकिणीची झाडं सांभाळायची. तिने जन्मभर शाळेत शिकवलं म्हणून सगळे तिला बाई म्हणतात. बाई तीन महिने लेकाकडे परदेशी गेल्यात. परत येतील तेव्हा सगळी झाडं जिवंत असली तर मजला पुढेही माझाच. एक जरी मेलं तरी चंबूगबाळं आवरायचं.

चिमणीला फोन केला. आठ वर्षांची आहे. तिचे बाबा गेल्यापासून माझ्या नणंदेकडे असते. वन्संनी गेल्या महिन्यात तोंडावर सांगितलं, मार्चअखेर स्वतःचं छप्पर दाखव आणि लेकीला ने, नाहीतर वसतिगृहात घालते. आता दाखवतेच. चिमणीची खाट खिडकीखाली लावायची, मी जागा झाडूनसुद्धा ठेवली.

मंगळवार, ४ मार्च

कुंड्या सदतीस आहेत. मोजल्या, कारण पाणी घालता घालता कंबर मोडली. मनी प्लांट, नेचे, कोरफड, रबराचं झाड, आणि बाकीची नावं त्यांच्या आईबापांनाच ठाऊक. स्वयंपाकघराच्या दारावर बाईंच्या सुबक अक्षरात सूचना लावलीय. प्रत्येक कुंडीत आधी लाकडी काडी खुपसायची, बाहेर काढून पाहायची, कोरडी निघाली तरच पाणी. खाली दोनदा अधोरेखित केलंय, माती बोटाने पाहू नये.

सदतीस वेळा काडी खुपसा, पुसा, उजेडात धरून बघा. एवढ्यात माझे दोन ब्लाउज कापून होतात. आमच्या घरी सगळे बोटानेच बघायचे, कुणाची झाडं मेली नाहीत. नखांत माती जाते म्हणून बाईंना किळस येत असणार. काडी ठेवली खणात आणि बोटाने वीस मिनिटांत काम उरकलं.

शुक्रवार, ७ मार्च

काय कटकट आहे. सकाळी सगळ्यांना पाणी घालावं तर दुपारी माती कोरडी ठणठणीत. खालच्या बशीत थेंब उतरत नाही. मग पाणी जातं कुठे? आज तीनदा भरभरून घातलं. तरी नेच्याची पानं मान टाकून बसलेली. लग्नघरचे सहा ब्लाउज द्यायचेत आणि मी या महाराण्यांच्या सरबराईत.

तोंडाला सारखी कोरड पडते. माठ दुपारीच रिकामा झाला.

सोमवार, १० मार्च

आता उलटंच. रागाने दोन दिवस पाणीच घातलं नाही, म्हटलं बघू या कोण हरतं. आज बोट घातलं तर माती ओलीचिंब. पानं टवटवीत, तुकतुकीत, नेचा तर भुईपर्यंत लोंबलाय. खिडकी बंद, दार बंद, घालणारं कोण?

बोटाचं टोक सुरकुतलंय, खारकेसारखं. मलम लावलं, काही फरक नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत जा. तांबेच्या तांबे रिचवतेय म्हणून सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी थापा मारतेय. असा संताप आला.

बुधवार, १२ मार्च

गिऱ्हाइकाचं माप घेतल्यावर सहज स्वतःच्या कमरेला टेप लावली. परवा बत्तीस होती. आज एकोणतीस. टेप दोनदा तपासली, टेपचा दोष नाही. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येईना. चिमणीशी फोनवर बोलताना रडू कोसळलं, पण डोळे कोरडेच.

खाली घड्याळं दुरुस्त करणारे काका बसतात. त्यांना विचारलं, माझ्याआधी वर कोण होतं? त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. मग म्हणाले, एक दांडगी बाई होती, पिठाचं पोतं एकटीने वर न्यायची. शेवटी तिला खुर्चीसकट खाली आणली, तर हाताला फक्त खुर्चीचंच वजन लागलं.

आणि हे त्यांनी मला आज सांगितलं. दहा दिवसांनी.

शुक्रवार, १४ मार्च

बाईंचा फोन. झाडं कशी आहेत विचारलं. मी कशी आहे ते नाही. मी चिडून सगळं ओकले, बोटाचंसुद्धा. त्या मग शाळेत फळ्यावर लिहितात तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, आता त्यांना तुझी चव लागली. दुसरं बोट मिळेपर्यंत ती तुलाच पिणार. सूचना लावली होती ना, म्हणाल्या. आणि फोन ठेवला.

कात्री घेतली. सरळ नेच्याचं एक पान कापलं. कापल्याबरोबर पोटात अशी कळ गेली की मी जमिनीवर. पान कापलं की मला लागतं. कुंडी उचलून फेकावी तर हातांत ताकद नाही.

घर सोडून जावं? आणि चिमणी? वसतिगृह? एकदा तिथे घातलं की वन्सं परत काढणार नाहीत. मार्चअखेर अजून सतरा दिवस आहेत. काहीतरी सुचेल. सुचायलाच हवं.

रविवार, १६ मार्च

जिन्यापर्यंत गेले, दोन पायऱ्यांवर चक्कर आली. रांगत परत. आत आले तशी सगळी पानं माझ्याकडे वळलेली. खरंच वळलेली.

वन्संना फोन केला. चिमणीला इतक्यात पाठवू नका म्हटलं. त्या म्हणाल्या, सकाळच्या गाडीत बसवलीसुद्धा, दुपारी पोचेल, मला तरी किती दिवस जमणार. मी ओरडले. माझा आवाजच —

पोचली. घड्याळवाल्या काकांनी वर आणून सोडली. मला बघून आधी दारातच थबकली. मग येऊन बिलगली. म्हणाली, आई तू कागदासारखी लागतेस.

तिला बजावलं. कुंड्यांना हात लावायचा नाही. शपथ घातली. उद्या सकाळी काकांबरोबर परत. वसतिगृह तर वसतिगृह. जिवंत तर राहील.

सोमवार, १७ मार्च

छान वाटतंय.

सकाळी डोळे उघडले तर कपाळावर घाम. घाम आलाय मला. घशाला ओल. उठून चार पावलं सरळ चालले. टेप लावली, तीस. सुटले असं वाटलं आणि हसू आलं. मग रडू आलं, खरंखुरं, गालांवरून ओघळलं.

चिमणी अजून झोपलीय. प्रवासाने दमली असेल. उठली की गरम गरम खायला —

उठली. पाणी मागितलं. दिलं. परत मागितलं. सहा पेले.

विचारलं. आधी सांगेना. मग म्हणाली, तू काल संध्याकाळीच झोपलीस. हाक मारली, उठली नाहीस. तुला बरं नाही म्हणून झाडांना मीच पाणी घातलं. आधी बोटाने पाहिलं, आपल्या घरी तू बघायचीस तसं. एकही सोडलं नाही. वरच्या फळीवरच्यासाठी स्टुलावर चढले. रागावू नकोस.

ओठ फुटलेत तिचे.

कात्री हातात आहे. आता ताकदही आहे. पण कापलं तर तिला —

दुपार

फ्रॉक खांद्यावरून उतरतोय. काल घट्ट होता.

दुसरं बोट मिळेपर्यंत, बाई म्हणाल्या होत्या.

तिला खाटेवर बसवलंय. दोन्ही मुठी काखेत दाबून धर, म्हटलं. काहीही झालं तरी सोडायच्या नाहीत. मी म्हणेन तेव्हा खाली काकांकडे पळायचं आणि परत वर यायचं नाही. का, म्हणाली. आई सांगते म्हणून.

डाव्या हाताचं बोट कुंडीत. उजव्या हाताने लिहितेय. पहिली. माती गरम आहे. ओढतेय.

सात.

तेरा. जीभ टाळूला चिकटली.

वीस. चिमणीने पेला खाली ठेवला. अर्धा उरलाय.

सव्वीस. अंगठी गळून पडली. शोधत नाही.

एकतीस. पानं इकडे वळली. सगळी. तिच्याकडे एकही नाही — नाही, एक —

पस्तीस. गाल लाल झाले तिचे. पाणी नको म्हणतेय. रडतेय, डोळ्यांतून पाणी येतंय. किती छान.

छत्तीस. पळ म्हटलं. पळत नाही. पळ चिमणे.

एकच राहिली. वरची फळी. त्या कुंडीचं पान अजून चिमणीकडेच. स्टुलावर चढलेय, हात पोचत —