उलटी बसलेली पट्टी

ता. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांची तब्येत आहे तशीच. बंदुकांचं दुकान मीच उघडतो, मीच झाडतो. कॉलेज अर्धवट टाकलंस ना, मग भोग, असं बाबा एकदा म्हणाले. आता तेवढंही बोलत नाहीत.

जिच्यापायी कॉलेजला रामराम ठोकला, तिची नेमबाजीची निवड-स्पर्धा आठवड्यावर आलीय. निवड झाली की वर्षभर लांब शिबिराला. रायफलवर नवी दुर्बीण बसवायला तिने माझ्याकडेच दिली. बसवली, पण गोळी लांबच्या कागदावर वीतभर खालीच लागते. नेम वर आणणारी चकती फिरवत गेलो, तर ती शेवटाला टेकली. पक्कड लावणार होतो, बाबांनी हात धरला. मग तिच्यावरच खेकसलो, की चकती एवढीशीच फिरणारी दुर्बीण आणलीच कशाला? ती म्हणाली, स्पर्धेच्या सकाळी न्यायला येईन. बस्स.

दुर्बीणच खराब आहे असं सांगून मोकळा होतो. थकलो गं.

माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

ता. ८

चि. तोफखान्यास,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही पोरं तापाने आडवी, म्हणून उभ्याउभ्याच लिहितेय. दुर्बीण धडधाकट आहे. तिच्याखालची पट्टी एका टोकाला किंचित जाड असते. ते टोक खांद्याच्या बाजूला हवं. भोकं दोन्हीकडून सारखी, म्हणून उलटी बसली तरी पट्टी कुरकुरत नाही. तू रागातच पेच आवळले असणार.

चकती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, बरोबर मध्यावर आण आणि सोड. मग पट्टी फिरवून बसव. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढून नळीतून कागदावरचा ठिपका बघ, दुर्बिणीतही तोच दिसतो का बघ. राहिलेलं चिमूटभर चकतीचं.

आणि एक. मी सासरी निघाले तेव्हा माझ्या पेटीची किल्ली कुणी लपवली होती, मला ठाऊक आहे. माझी गाडी काही चुकली नाही. म्हणून विचारते, चकती अडली तेव्हा तुला आतून जरा बरं वाटलं का रे?

बाबांना जप. रागावलास तरी पत्र लिही.
ताई

ता. १५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरांचा ताप उतरला का?

हो, वाटलं बरं. तुझं पत्र खिशात घालून दिवसभर पट्टीला हात लावला नाही. संध्याकाळी बाबा दिवा धरून शेजारी उभे राहिले. मग काय करणार! पट्टी फिरवली. दुसऱ्या दिवशी तिसरी गोळी ठिपक्यात गेली, चकती जवळजवळ मध्यावरच.

ती न्यायला आली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, उलट्या पट्टीचं आणि बरं वाटल्याचंही. वाटलं, आता वाजवते कानाखाली. तर म्हणाली, मी मुद्दाम केलंय असंच तिला वाटलं होतं. तरी रायफल दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावीशी वाटली नाही.

तिची निवड झाली. काल गेली. जाताना पेचांच्या डोक्यांवर पांढरा रंग लावून घेतला, म्हणजे तिकडे कुणी उघडले तर कळेल.

बाबांनी आज एक जुनी रायफल पुढ्यात ठेवलीय. पट्टी मी आधी बोटाने चाचपून पाहिली.

लोभ आहेच, तो पुरवून पुरवून दे.
तुझा धाकटा